धरणगावच्या दिनविशेषात नसलेली तारीख

खानदेशात कापसाच्या धंद्यात असलेल्या माणसाचा दिवस न्यूयॉर्कच्या वायद्याने सुरू होतो. रात्री तिकडे रुई किती सेंटवर बंद झाली, हे सकाळी पहिली गाडी काट्यावर चढायच्या आत धरणगावच्या जिनिंगमध्ये सगळ्यांना माहीत असते. त्यावरून खंडीचा भाव बेतला जातो, खंडीवरून क्विंटलचा, आणि खेडा खरेदीला निघालेला व्यापारी तोच आकडा डोक्यात ठेवून शेतकऱ्याच्या ओट्यावर बसतो. हे काम करता करता माझी एक समजूत पक्की होत गेली आहे आणि ती इथे नीट मांडून पाहायची आहे. ४ जुलै २०२६ ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षे पूर्ण होतात. असे एखादे मोठे वर्ष भरले की आपल्याकडेही त्यावर लेख येतात, भाषणे होतात, आणि शेजारच्या घरचे कार्य असावे तसे आपण कौतुकाने पण बाहेरून पाहतो. त्या सगळ्यात खानदेशाचे नाव नसते आणि नसल्याचे कोणाला काही वाटत नाही. मला वाटते. अमेरिकेच्या इतिहासातले काही दिवस हे आपल्या तालुक्याच्या इतिहासातलेही दिवस आहेत. त्यांतला सर्वांत मोठा ४ जुलै नव्हे. तो आहे ९ एप्रिल १८६५. त्या दिवशी व्हर्जिनियातल्या अपोमॅटॉक्स या लहानशा गावी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला आणि चार वर्षांची यादवी संपल्यात जमा झाली. त्या दिवसाने अमेरिकेतल्या सुमारे ४० लाख गुलामांच्या सुटकेवर शिक्का बसला, आणि त्याच दिवसाने खानदेशातल्या कापसाचा भाव जमिनीवर आणला. या दोन्ही गोष्टी एकाच तारखेत आहेत. ती तारीख आपण पाळावी आणि पाळताना दोन्ही एकत्र आठवाव्यात, एवढेच माझे म्हणणे आहे.

युद्ध सुरू व्हायच्या आधीच अमेरिका धरणगावात येऊन पोचली होती, आणि तीही यंत्राच्या रूपाने. एली व्हिटनीने १७९३ मध्ये जॉर्जियातल्या एका मळ्यावर दातांचे जिन तयार केले आणि १४ मार्च १७९४ ला त्याचे पेटंट घेतले. त्या एका यंत्राने सरकी काढण्याचे काम इतके झटपट होऊ लागले की अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाखालची जमीन पसरत गेली, आणि जमिनीबरोबर गुलामांची मागणीही. लँकेशायरच्या गिरण्या याच कापसावर उभ्या राहिल्या. सगळा माल एकाच देशातून यावा, याची इंग्रजांना काळजी होतीच. म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८४० मध्ये अमेरिकेतून दहा मळेवाले हिंदुस्थानात आणले. इथल्या रयतेला अमेरिकन पद्धतीने कापूस करायला शिकवावे, असा बेत होता. धारवाडकडे अमेरिकन वाण रुजला, बाकी बहुतेक ठिकाणी प्रयोग फसले. याच खटपटीचा पुढचा भाग म्हणून १८५५ मध्ये धरणगावात करवती जिनांचा सरकारी कारखाना निघाला. आज कापूस हातात घेऊन पाहणाऱ्याला त्या कारखान्याची अडचण लगेच कळते. धागा पाहायची जुनी रीत अशी: रुईचा एक पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचा, ओढून तोडायचा, दोन भाग एकावर एक ठेवायचे, पुन्हा ओढायचा. चार-पाच वेळा असे केले की आखूड तंतू गळून जातात, उरलेले समांतर होतात आणि अंगठ्याच्या पेरावर त्यांची लांबी दिसते. आजचा खानदेशी माल २८-२९ मिलिमीटर सहज भरतो. त्या काळचा देशी कापूस यापेक्षा बराच आखूड होता आणि सरकीला घट्ट धरून बसायचा. अमेरिकन धाग्यासाठी घडवलेले करवतीचे दात त्याला मानवत नव्हते, रुई तुटायची. म्हणून शेवटी इथे टिकले ते रोलरचे जिन. तेही मूळचे अमेरिकनच: अलाबामातल्या फोन्स मॅकार्थीने १८४० मध्ये त्याचे पेटंट घेतले होते. आज धरणगावच्या जिनिंगमध्ये रात्रंदिवस चालणारी डबल रोलर यंत्रे त्याच तत्त्वावर चालतात.

१२ एप्रिल १८६१ ला दक्षिण कॅरोलिनात समटर किल्ल्यावर तोफा सुटल्या. अमेरिकेत यादवीचा पहिला दिवस म्हणून हाच दिवस पाळतात. कापसाच्या दृष्टीने मात्र खरा दिवस आठवड्याभराने आला. १९ एप्रिलला लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. लँकेशायरला लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस याच बंदरांतून निघायचा. साठे संपेपर्यंत काही महिने गेले आणि मग लिव्हरपूलच्या दलालांची नजर मुंबईकडे वळली. मुंबईहून जाणारा माल, तो खानदेशचा असो की काठेवाडचा, तिकडे ‘सुरत’ याच नावाने विकला जायचा आणि हलका समजला जायचा. तोच माल युद्धापूर्वीच्या चौपटीपेक्षा जास्त भावाने उचलला जाऊ लागला. तेजीच्या पाच वर्षांत नेहमीच्या किमतीच्या वर मुंबईच्या पदरात सुमारे ८ कोटी १० लाख पौंड पडले, असा त्या काळच्या लेखकांचा हिशोब आहे. खानदेशात त्याच वेळी रेल्वेचे रूळ पडत होते. १८६५ च्या सुरुवातीला थळघाटाचा रस्ता रेल्वेला खुला झाला. धरणगावला स्टेशन यायला अजून पस्तीसेक वर्षे होती. ताप्ती व्हॅली रेल्वे शतक सरतासरता आली. तेव्हा इथला कापूस बैलगाड्यांनी जळगावला जायचा. १८८० च्या सरकारी गॅझेटियरमध्ये स्पष्ट नोंद आहे की अमेरिकन युद्धाच्या काळात जळगाव ही खानदेशातली कापसाची मोठी पेठ बनली आणि युद्ध संपताच भाव कोसळल्याने तिला जबर फटका बसला. वऱ्हाड-नागपूरकडे शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, नांगराला चांदीचे फाळ लावले, अशा गोष्टी त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी रंगवून सांगितल्या आहेत. त्या किती खऱ्या, हा वेगळा प्रश्न. मला त्यांत इतकेच दिसते की शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आले की त्याची उधळपट्टी पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पहिली भरते; त्याने त्याच पैशांतून फेडलेले कर्ज, खोदलेली विहीर किंवा घेतलेली बैलजोडी कोणी लिहून ठेवत नाही. सरकारने मात्र एक गोष्ट तातडीने केली. १८६३ मध्ये मुंबई इलाख्यात कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा आला आणि तपासनीस नेमले गेले. माल वाईट का येतो, याचे उत्तर तिकडच्या गिरणीवाल्याला हवे होते; ते इथल्या शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या अप्रामाणिकपणात शोधले गेले. सरकी, माती, पाणी हे सगळे मालात असायचे, हे खरेच आहे. पण चार महिन्यांत चौपट होणारा आणि एका जहाजाच्या बातमीने खाली येणारा भाव माणसाला घाई शिकवतो. घाईत माल सुधारत नाही.

लीच्या शरणागतीची बातमी मुंबईत ९ एप्रिलला आली नाही, येणे शक्यच नव्हते. अटलांटिकखालची तार १८६६ मध्ये टिकाऊ झाली. तोवर अमेरिकेची बातमी जहाजाने इंग्लंडला जायची आणि तिथून, नुकत्याच जोडलेल्या इराणच्या आखातातल्या तारेने, हिंदुस्थानात यायची. तह होणार अशा कंड्या आधीपासून होत्याच आणि भाव डळमळत होते. शेवटचा धक्का मुंबईला बसला १ जुलै १८६५ रोजी. मुदतीच्या सौद्यांचे हिशोब चुकते करायचा तो दिवस होता, आणि त्या दिवशी शेअरबाजार कोसळला. बॅकबेसारख्या कंपन्यांचे कागद कवडीमोल झाले, आणि १८६८ पर्यंत बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. या सगळ्याची आठवण मुंबईने आपल्या परीने राखली आहे. प्रेमचंद रायचंद यांनी तेजीच्या पैशातून दिलेल्या देणगीचा राजाबाई टॉवर आजही उभा आहे; त्याच्याखालून जाणाऱ्याला निदान गाइडबुकातून तरी कापसाची गोष्ट कळते. मँचेस्टरनेही राखली आहे. कापूस न आल्याने गिरण्या बंद पडल्या, मजूर उपाशी राहिले, तरी तिथल्या कामगारांनी १८६२ च्या शेवटच्या दिवशी सभा भरवून गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला आणि लिंकनने जानेवारी १८६३ मध्ये त्यांना पत्र लिहून आभार मानले. तिथे आज लिंकनचा पुतळा आहे. म्हणजे अमेरिकेच्या शेतापासून लिव्हरपूल, मँचेस्टर, मुंबई अशी जी साखळी होती, तिच्या प्रत्येक कडीजवळ काही ना काही खूण आहे. फक्त जिथे कापूस पिकला आणि जिथे भाव पडल्याचा तोटा शेवटी जिरला, त्या खानदेशात काहीच नाही. याचे कारण मला आपल्या स्वभावात शोधावेसे वाटत नाही. आपण विसराळू आहोत असे नाही. बालकवी १३ ऑगस्ट १८९० ला धरणगावात जन्मले, हे इथल्या शाळेतल्या पोराला पाठ असते. कारण असे आहे की जन्माला तारीख असते, लढाईला असते, शरणागतीला असते, बँक बुडण्यालाही असते. भाव पडण्याला तारीख नसते. तो एका गावात सोमवारी पडतो, दुसऱ्यात बाजाराच्या दिवशी, तिसऱ्यात सावकाराने वही उघडली तेव्हा. ज्याला तारीख नाही त्याचे स्मरण होत नाही. आपल्या धंद्यातही हेच चालत आले आहे: गणेश चतुर्थीला कापूस खरेदीचा मुहूर्त होतो, काट्याला हार घातला जातो, पहिल्या गाडीला चढा भाव दिला जातो आणि त्याचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. हंगामाच्या शेवटी भाव कुठे जाऊन थांबला, याचा सोहळा कोणी करत नाही. म्हणून म्हणतो, आपल्याजवळ तारीख नसेल तर ती उसनी घ्यावी. ९ एप्रिल ही ती तारीख आहे.

यावर पहिला आक्षेप अभ्यासकांकडून येतो आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, अमेरिकन युद्धाला तुम्ही फार मोठे करता. खानदेशच्या शेतकऱ्याचे कर्ज, साऱ्याचा जाच, साहुकाराची पकड ही सगळी दुखणी युद्धापूर्वीची आहेत. पुरावाही त्यांच्या बाजूने आहे. १८५२ मध्येच सरकारी मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर आणि धरणगाव तेव्हा ज्या तालुक्यात होते त्या एरंडोलकडे मोठा क्षोभ उसळला होता. फौज आणावी लागली होती. समटरवर तोफा सुटायला तेव्हा नऊ वर्षे अवकाश होता. शिवाय, १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचे मूळ कापसाच्या पडझडीत आहे, असे पाठ्यपुस्तकांत शिकवले जाते. ते दंगे १२ मे १८७५ ला सुप्याला सुरू झाले आणि मुख्यतः पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरले. तो भाग बाजरी-ज्वारीचा. तिथे कापूस थोडाच. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये तर या दंग्यांचे महत्त्वच फुगवले गेले आहे, असे मांडले. हे सगळे मला मान्य आहे आणि तरीही माझा मुद्दा हलत नाही, उलट नीट होतो. युद्धाने कर्ज निर्माण केले, असे मी म्हणत नाही. युद्धाने कर्जाची पत वाढवली. कापसाचा भाव चौपट असताना साहुकार ज्या शेतावर शंभर देई त्यावर तीनशे द्यायला लागतो, कारण पीक विकून वसूल होणार याची त्याला खात्री असते; सरकारी सारा ठरवणाराही त्याच भरभराटीकडे पाहून आकडा धरतो. भाव खाली येतो तेव्हा कर्जाचा आकडा आणि साऱ्याचा आकडा खाली येत नाहीत. आजही ज्याने चढ्या भावाच्या वर्षी पीककर्ज वाढवून घेतले आणि पुढच्या वर्षी पडत्या भावात माल विकला, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आणि कापूस फारसा न पिकवणाऱ्या पुणे-नगरच्या दंग्यांना अमेरिकेच्या युद्धाशी जोडणारे पाठ्यपुस्तक, ज्या जिल्ह्यात कापूस खरोखर पिकत होता त्याबद्दल गप्प का राहते, हा प्रश्न उरतोच. खानदेशात तसा दंगा पेटला नाही, म्हणून तो पानावर आला नाही. दंगा झाला म्हणजे नुकसान झाले आणि न झाला म्हणजे झाले नाही, हा निकष शेतीला लावता येत नाही. इथली माणसे त्या दशकात गप्प राहून बुडाली असतील, तर त्यांच्या गप्प राहण्याचाही इतिहास आहे. कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांच्या अमलात देशी वाण हटवून हिंगणघाटचे बियाणे सक्तीने पसरवले गेले, ते याच गप्प शेतकऱ्याच्या शेतात. युद्धाने सरकारचे लक्ष खानदेशच्या धाग्याकडे वळले ते वळलेच. भाव गेला, देखरेख राहिली.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो, कारण तो हिशोबाचा नाही. ज्या दिवशी ४० लाख माणसांच्या पायांतल्या बेड्या तुटल्या, तो दिवस आपण आपल्या तोट्याचा दिवस म्हणून लावायचा? त्यांची गुलामी चालू राहिली असती, युद्ध लांबले असते, तर आपला कापूस तेजीत राहिला असता, असा हिशोब करणारा माणूस स्वतःला काय म्हणवून घेईल? या प्रश्नाला बगल देऊन ९ एप्रिल पाळता येणार नाही. पण त्याचे उत्तर शोधायला आपल्याला अमेरिकेला जावे लागत नाही. ते १८७३ साली पुण्यात छापले गेले आहे. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ निष्ठेबद्दल, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवून शूद्रांना मोकळे करावे या आशेने. या अर्पणपत्रिकेवर आपल्याकडे खूप लिहिले गेले आहे. तिचे साल मात्र सहसा बाजाराच्या सालांशेजारी ठेवून पाहिले जात नाही. ते पाहावे. १८७३ म्हणजे पडझडीनंतरची आठ वर्षे आणि दख्खनच्या दंग्यांआधीची दोन. फुले शेतकऱ्यांमधले, ठेकेदारी केलेले, पैशाची आवकजावक जाणणारे. दहा वर्षांनी त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा शेतकऱ्याच्या दैन्याची एकही बाजू त्यांनी सोडली नाही. अमेरिकेतल्या युद्धाने इथल्या शेतकऱ्याच्या पदरात काय टाकले आणि काय काढून घेतले, हे त्यांना ठाऊक नव्हते असे मानायला जागा नाही. तरी त्यांनी अमेरिकेकडे पाहिले ते मुक्तीचा देश म्हणून. तिथल्या गुलामाचे सुटणे आणि इथल्या शेतकऱ्याचे बुडणे यांना त्यांनी एकमेकांसमोर उभे केले नाही. मला वाटते, तो दिवस पाळायची हीच खरी दिशा आहे.

आणि इतिहासाने पुढे फुल्यांचीच बाजू घेतली. सुटलेले गुलाम आणि बुडालेले कुणबी हे एकमेकांचे विरोधक नव्हतेच, हे त्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत उघड झाले. दक्षिणेत मोकळ्या झालेल्या काळ्या कुटुंबांना जमीन मिळाली नाही. ते अर्धेलीने जुन्या मालकाची शेते करू लागले. बियाणे, खत, मीठ, कापड दुकानदाराकडून उधार घ्यायचे आणि त्यावर उभे पीकच तारण द्यायचे, असा तिथला कायदा झाला. हंगाम संपला की हिशोब, आणि हिशोबात नेहमी येणे दुकानदाराचे. कापूस सोडून दुसरे पीक घ्यावे तर दुकानदार उधार देईना, कारण रोख पैसा कापसालाच. मिसिसिपीतल्या त्या माणसाची वही आणि एरंडोल परगण्यातल्या कुणब्याची साहुकाराकडची वही शेजारी ठेवली तर लिपी सोडून फार फरक दिसणार नाही. युद्धानंतर काही वर्षांत अमेरिकेचा कापूस पुन्हा लिव्हरपूलला भरभरून येऊ लागला आणि खानदेशच्या मालाला खाली दाबू लागला. पण तो माल स्वस्त येत होता याचे कारण गुलाम मोकळे झाले हे नव्हते. ते पुरते मोकळे होऊ दिले गेले नाहीत, हे होते. ही एक गोष्ट नीट समजली की ९ एप्रिलला खेद वाटावा की आनंद, हा गोंधळ उरत नाही. त्या दिवशी जे अर्धेच झाले त्याचा तोटा दोन्हीकडच्या शेतांत वाटला गेला.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: दिवस पाळून होते काय? फलक लिहिला जातो, हार घातला जातो, संध्याकाळी विसरले जाते. याला माझे उत्तर कामातून आले आहे. भावाबद्दल आपल्याकडे जी चर्चा होते, ती नेहमी याच वर्षापुरती असते. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारताच्या मालावर ५० टक्के शुल्क लावले. त्याच महिन्यात १९ तारखेपासून आपल्या सरकारने कापसाच्या आयातीवरचे ११ टक्के शुल्क उठवले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. वेचणीच्या तोंडावर हे झाले. हमीभाव लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर होता आणि खेडा खरेदीत त्याच्या खाली सौदे होत होते. त्या दिवसांत प्रत्येक ओट्यावर वॉशिंग्टनचे नाव होते, पण जणू हे पहिल्यांदाच घडते आहे अशा आश्चर्याने. बियाण्याचेही तसेच. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि काही वर्षांत खानदेशातली जवळजवळ सगळी पऱ्हाटी अमेरिकन कुळातली, अमेरिकन कंपनीचे जनुक असलेली झाली. १८४० मध्ये दहा मळेवाल्यांना जे जमले नाही, ते पाकिटाने करून दाखवले. गुलाबी बोंडअळीने त्या जनुकाला दाद देणे सोडले, तेव्हा लोक पुन्हा चकित झाले. ज्या गावाला १८५५, १८६१ आणि १८६५ ही साले एका ओळीत माहीत आहेत, ते गाव चकित होणार नाही. भाव चढला की पुढच्या तीन वर्षांचे कर्ज त्यावर उचलणार नाही, आणि भाव पडला की स्वतःच्या नशिबाला बोल लावणार नाही. त्याला निदान विचारता येईल की बंदर कुठले बंद झाले आणि कुठले उघडले. एवढी समज देणारा दिवस फलकापुरताही पाळला गेला तरी माझ्या लेखी तो वाया जात नाही.

तारखेबद्दल मात्र एक अडचण खरी आहे. एप्रिलमध्ये जिनिंग बंद व्हायला आलेले असते, फरदडही संपलेली, शाळांत परीक्षा. ज्यांना हे ऐकवायचे ते त्या दिवसांत भेटत नाहीत. म्हणून कोणी म्हणाले की ९ एप्रिलऐवजी ६ डिसेंबर घ्या, तर माझी हरकत नाही. उलट तो दिवस अधिक पुरा आहे. युद्ध संपल्याने गुलामगिरी कायद्याने संपली नव्हती. ती संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला आवश्यक तेवढ्या राज्यांची मान्यता मिळाली ती ६ डिसेंबर १८६५ रोजी, आणि ती संख्या पुरी करणारे राज्य होते जॉर्जिया, जिथे व्हिटनीचे जिन जन्मले. महाराष्ट्रात ६ डिसेंबर कोणाला सांगावा लागत नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि पुढे गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना त्यांनी स्वतः बारकाईने केली. तेव्हा त्यांच्या स्मृतिदिनी हा विषय निघाला तर तो बाहेरून आणलेला वाटणार नाही. शिवाय डिसेंबरात धरणगावच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग असते, आणि हमाल, काटेवाला, जिनवरचे कामगार, शेतकरी सगळे एका आवारात असतात.

त्याआधी करण्यासारखे एक काम मात्र आहे, आणि ते भाषणापेक्षा निकडीचे आहे. जळगाव, धरणगाव, एरंडोल, अमळनेर, पारोळा इथल्या जुन्या पेढ्यांमध्ये आणि वाड्यांच्या माळ्यांवर शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या मोडी-मराठीतल्या, मारवाडी-गुजरातीतल्या वह्या अजून सापडतात. घरे पाडली जातात तेव्हा त्या रद्दीत जातात. त्यांत १८६१ ते १८६८ या सालांची पाने असतील तर खंडीचा भाव, उधारीची रक्कम, कोणाचे शेत कधी गहाण पडले, हे सगळे तिथे लिहिलेले असणार. मोडी वाचणारे शिक्षक आणि कापूस जाणणारे व्यापारी यांनी एकत्र बसून ती पाने वाचली, तर भाव पडण्याला तारीख नसते हे माझे वर लिहिलेले वाक्य खोडून काढावे लागेल. ते खोडले जावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. गावोगावच्या वह्यांतून १८६५ च्या उन्हाळ्यातला, पावसाळ्यातला एकेक दिवस हाती लागला, तर आपल्याला अपोमॅटॉक्सची तारीख उसनी घ्यायची गरज राहणार नाही. ती आपल्या तारखांच्या शेजारी लिहिता येईल.